खिडकीतले लहान झाड



आज आपण एका लहान झाडाविषयी वाचू. हे झाड शेतात लावायचे नाही. ते घरात ठेवायचे. त्याला फळ सहसा येत नाही. फूल क्वचितच येते. त्याची पाने सुंदर असतात. पानांसाठीच लोक ते घरात ठेवतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पोट भरत नाही अशा झाडाची निगा कशाला शिकायची?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मी आधी देत नाही. आधी आमच्या बाभुळगावच्या रात्रीच्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

चिठ्ठी

आमच्या वर्गात एक बाई येत. वय पन्नाशीचे. दिवसभर निंदणाला जायचे, रात्री पाटी घेऊन बसायचे. त्यांची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत होती. आई शिकते आहे हे ऐकून मुलीला फार आनंद झाला. एप्रिल महिन्यात तिने गावच्या एका माणसाबरोबर एसटीने एक कुंडी पाठवली. कुंडीत वीतभर उंचीचे झाड होते. हिरवी पाने, पानांना पिवळी कड. कुंडीला एक अरुंद चिठ्ठी बांधली होती. अक्षरे मोठी मोठी काढली होती. आईला वाचता यावीत म्हणून.

बाईंनी चिठ्ठी हातात घेतली. एकेक अक्षर लावले. पहिली ओळ लागली.

"आई, पाणी रोज घालू"

बाईंना हर्ष झाला. आपल्याला चिठ्ठी वाचता आली! त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली, घडी केली आणि डब्यात जपून ठेवली. त्या रात्री मुलीचा फोन आला. "आई, चिठ्ठी वाचली का?" बाई म्हणाल्या, "वाचली."

दुसऱ्या दिवसापासून बाई झाडाला रोज गडवाभर पाणी घालू लागल्या. कुंडी लहान वाटली, म्हणून त्यांनी झाड तेलाच्या रिकाम्या डब्यात लावले. डब्यात शेतातली काळीभोर माती भरली. वर मूठभर युरिया टाकला. लेकीचे झाड! त्याला काही कमी पडू नये.

जुलै महिन्यात बाई वर्गात आल्या त्या डबा घेऊनच. डोळ्यांत पाणी.

"गुरुजी, झाड मेलं वाटते. एक दिवस खंड नाही पडू देला पान्याचा. तरी असं कायले झालं?"

मी पाहिले. बुडाकडची पाने पिवळी पडून लोळली होती. हात लावला तर मऊ, पिळपिळीत. मातीला घाण वास येत होता. मी विचारले, "रोज पाणी घालायला कोणी सांगितले?"

"पोरीनंच लिहून देलं होतं."

बाईंनी चिठ्ठी काढून माझ्या हाती दिली. मी ती सगळ्यांसमोर वाचली नाही. त्यांच्याच हाती परत दिली आणि म्हणालो, "बाई, तुम्हीच वाचा. शेवटपर्यंत वाचा."

आता त्यांना तीन महिन्यांचा सराव झाला होता. त्यांनी बोट ठेवून वाचले.

"आई, पाणी रोज घालू
नकोस. माती कोरडी
झाली की मगच घाल."

वर्गात कोणी बोलले नाही. बाई खाली पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या तिले फोनवर सांगतलं, वाचली म्हणून. खोटंच सांगतलं."

मंडळी, ही चूक एकट्या बाईंची नाही. अर्धे वाचून आपण सगळेच कामाला लागतो. औषधाच्या बाटलीवरचे अर्धे वाचतो, कर्जाच्या कागदावरचे अर्धे वाचतो आणि अंगठ्याऐवजी सही ठोकतो. अर्धे वाचणे हे न वाचण्यापेक्षा कधी कधी महाग पडते. या धड्यात आपण झाडही शिकू आणि शेवटपर्यंत वाचणेही शिकू.

हे झाड कोणते?

नर्सरीत या झाडाला 'स्नेक प्लँट' म्हणतात. म्हणजे सापाचे झाड. पानांवर सापाच्या अंगासारखे पट्टे असतात म्हणून हे नाव पडले. उंच पानांच्या जातीला इंग्रजीत गमतीने 'सासूची जीभ' असेही म्हणतात. पान लांब आणि टोक अणकुचीदार! सासवांनी राग मानू नये.

या झाडाचे मूळ घर पश्चिम आफ्रिका. याच कुळातली एक जात आपल्या देशातही रानात उगवते. तिच्या पानांचा वाख बळकट असतो. पूर्वी त्याची धनुष्याची दोरी वळत.

बाईंच्या मुलीने पाठवलेली जात बुटकी. तिची पाने सरळ वर जात नाहीत. ती एकाभोवती एक अशी गोल पसरतात. वरून पाहिले तर पाखराचे घरटेच दिसते. ही बुटकी जात १९३९ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातील एका रोपवाटिकेत प्रथम सापडली. तिला 'हानी' हे नाव पडले. तेथून ती जगभर गेली. आता ती आपल्या यवतमाळच्या नर्सरीतही मिळते.

याला पाणी कमी का लागते?

या झाडाचे पान जाड असते. कोरफडीसारखे ते पोटात पाणी साठवते.

दुसरे एक नवल ऐका. झाडांच्या पानांना बारीक छिद्रे असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यांतून पान हवा आत घेते. त्याच वेळी पानातले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. बहुतेक झाडे ही छिद्रे दिवसा उघडतात. हे झाड मात्र ती मुख्यतः रात्री उघडते. दिवसाच्या उन्हात दार बंद, रात्रीच्या गारव्यात दार उघडे. उन्हाळ्यात आपणही असेच करतो ना? त्यामुळे त्याचे पाणी थोडके उडते.

म्हणून या झाडाला रोज पाणी नको.

जास्त पाण्याने झाड का मरते?

हे तुम्हाला मी काय सांगावे? तुम्हीच मला सांगा. पावसाची झड लागली आणि पऱ्हाटीत पाणी साचले तर काय होते? पाने पिवळी पडतात. झाड मान टाकते. मग तुम्ही फावडे घेऊन धावता आणि चर काढून पाणी बाहेर घालवता.

असे का होते? मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा असते. पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा निघून जाते. मुळे गुदमरतात. मग त्यांना बुरशी लागते आणि ती सडतात. मूळ सडले की पानाला पाणी पोचत नाही. पान लोळते. आपल्याला वाटते, झाड तहानले. आपण आणखी पाणी घालतो. झाड आणखी सडते.

शेतात हे आपण ओळखतो. घरातल्या डब्यात मात्र विसरतो.

माती आणि कुंडी

आपली काळी माती ही आपली माय आहे. तिच्यावर पऱ्हाटी पिकते, तूर पिकते. पण कुंडीत एकटी काळी माती चालत नाही. ती फार चिकट असते. ओली झाली की पाणी धरून बसते. वाळली की दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात. शेतात तिला खोली आहे. डब्यात तिला खोली कोठली?

माती अशी तयार करावी:

१. नाल्याकाठची पोयट्याची माती २ वाट्या.
२. जाड रेती २ वाट्या.
३. चांगले कुजलेले शेणखत १ वाटी.

हे सारे नीट कालवावे. शेण ताजे घेऊ नये. ताज्या शेणाने मुळे भाजतात. त्याबरोबर हुमणीची अळीही येते.

युरिया घालू नये. पऱ्हाटीच्या एकराचा हिशेब एका डब्याला लावू नये. मूठभर युरियाने एवढ्याशा झाडाची मुळे जळतात. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला, चमचाभर शेणखत वरच्या मातीत मिसळले तरी पुरे.

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते. डबा वापरला तरी चालेल. पण त्याच्या बुडाला भोके पाडा. खिळा आणि हातोडी घेऊन चार-पाच भोके पाडली की काम झाले. आपल्याच तालुक्यात खडकसावंग्याला बेंबळा धरण आहे. एवढ्या मोठ्या धरणालाही जास्तीचे पाणी सोडायला दारे आहेत. मग तेलाच्या डब्याला एक भोक नको का?

भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. म्हणजे पाणी जाते, माती जात नाही. कुंडी फार मोठी घेऊ नये. मोठ्या कुंडीत माती जास्त, म्हणून ओलही जास्त दिवस राहते.

पाणी केव्हा घालावे?

घड्याळ पाहू नका. वार पाहू नका. माती पहा.

मातीत बोट घाला. दोन पेरांपर्यंत आत जाऊ द्या. माती बोटाला चिकटली, गार लागली, तर पाणी घालू नका. बोट कोरडे निघाले तर घाला. बोट म्हणजे तुमची लेखणी समजा. फरक एवढाच की हिने माती वाचायची.

साधारण अंदाज असा:

उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा.
पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा.
हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी एकदा.

हा नुसता अंदाज आहे. खरा निकाल बोटाचा.

पाणी घालायचे तेव्हा पोटभर घालावे. बुडाच्या भोकातून ते बाहेर आले पाहिजे. मग पुन्हा माती वाळेपर्यंत हात लावू नये. रोज थोडे थोडे घालणे वाईट.

आणखी एक गोष्ट. या बुटक्या झाडाची पाने घरट्यासारखी असतात. मधोमध पाणी ओतले तर ते तेथेच साचते आणि कोंब सडतो. पाणी कडेने, मातीवर घालावे.

उजेड, ऊन आणि थंडी

हे झाड अंधाऱ्या खोलीतही काही महिने तग धरते. पण तग धरणे वेगळे आणि वाढणे वेगळे. त्याला खिडकीजवळ ठेवावे. सकाळचे कोवळे ऊन येत असेल तर उत्तम.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हात ते अंगणात ठेवू नये. पाने भाजतात, त्यांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. टिनाच्या छपराला लागून असलेल्या फळीवरही ठेवू नये. टीन तापले की ती जागा भट्टी होते.

कूलरच्या तोंडासमोर ठेवू नये. तेथे दमट वारा लागतो, माती वाळत नाही. हिवाळ्यात रात्री उघड्या अंगणात ठेवू नये. कडक थंडी याला सोसत नाही.

पानांवर धूळ बसते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसावीत. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. साबणाच्या पाण्यात फडके बुडवून तो पुसून काढावा.

तीन गोष्टींची खबरदारी

पहिली, मुले आणि जनावरे. हे झाड खाण्याचे नाही. पान चावले तर मळमळ होते, उलटी होते. रांगत्या मुलाच्या हाती लागेल असे ते ठेवू नका. वासरू, शेळी, मांजर यांच्यापासूनही दूर ठेवा. डंबकेन नावाचे मोठ्या ठिपकेदार पानांचे झाड पुष्कळ घरांत दिसते. ते याहून वाईट. त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. मुलाने असे काही चावले तर तोंड धुऊन काढा आणि लगेच दवाखाना गाठा.

दुसरी, डास. कुंडीखाली बशी ठेवतो. बशीत पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. त्या दिवशी बशी, कूलरची टाकी आणि रांजण रिकामे करून, घासून, वाळवून घ्या. मनीप्लँटची बाटली असेल तर तिचेही पाणी बदला.

तिसरी, खोटी आशा. काही विक्रेते सांगतात, "हे झाड घरातली हवा शुद्ध करते. रात्रभर प्राणवायू देते." १९८९ साली अमेरिकेतल्या नासा या संस्थेने असे प्रयोग केले होते, ही गोष्ट खरी. पण ते लहान, बंद पेटीत केले होते. आपल्या घरात दारे आहेत, खिडक्या आहेत. एका कुंडीने तेथे फारसा फरक पडत नाही. चुलीचा धूर कोंडला असेल तर खिडकी उघडा. धुराडे करा. झाडावर भरवसा टाकून बसू नका. झाड शोभेसाठी ठेवावे, मनाला बरे वाटते म्हणून ठेवावे. तेवढे कारण पुरेसे आहे.

सडलेले झाड कसे वाचवले?

आता बाईंच्या झाडाकडे येऊ.

आम्ही वर्गातच डबा पालथा केला. मुळे काळी पडून सडली होती. बुडखा गेला होता. पण तीन पानांचे वरचे भाग अजून टणक होते. मी चाकू मागवला. तो धुऊन घेतला. टणक भागाचे तीन तुकडे कापले. प्रत्येक तुकडा चार बोटे लांब.

तुकड्याची खालची बाजू कोणती ते विसरू नये. म्हणून खालच्या बाजूला बारीक खाच केली. उलटा लावला तर तुकड्याला मुळे फुटत नाहीत.

ते तुकडे चार दिवस सावलीत सुकू दिले. कापलेली जागा वाळून तिच्यावर खपली धरली पाहिजे. ओली जखम मातीत गेली तर सडते. मग रेती जास्त घातलेल्या मातीत ते तुकडे एक बोट खोल उभे लावले. पाणी अगदी बेताने घातले.

मी बाईंना एक वही दिली. म्हणालो, "रोज मातीत बोट घालून पहा. आणि वहीत एकच शब्द लिहा. ओली, की कोरडी."

त्या रात्री बाईंनी आपण होऊन मुलीला फोन केला. खरे काय ते सांगितले. मुलगी काय म्हणाली ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या वेळेच्या आधी वर्गात येऊन बसल्या.

दिवाळीला मुलगी घरी आली. कुंडीत अजून तेच तीन तुकडे उभे होते. वर काही दिसत नव्हते. बाईंनी तिच्यापुढे वही ठेवली. ओली, ओली, ओली, कोरडी. पाने भरली होती. मुलगी ती वही बराच वेळ वाचत बसली.

संक्रांतीच्या सुमारास मातीतून बोटभर कोंब वर आला. तो सगळा हिरवा होता. त्याला पिवळी कड नव्हती. असे होतेच. पानाच्या तुकड्यापासून नवे झाड केले तर पिवळी कड त्याच्यात उतरत नाही. पिवळी कड हवी असेल तर बुडातून फुटलेले पिल्लू मुळासकट वेगळे करून लावावे लागते. बाईंचा तर बुडखाच सडला होता. गेलेला रंग परत आला नाही. झाड मात्र राहिले.

बाईंनी तिळगुळाचा डबा नागपूरला पाठवला. डब्याला एक चिठ्ठी बांधली. ती त्यांनी स्वतः लिहिली. पाठवण्याआधी मला दाखवली. चिठ्ठीत असे होते:

"कोंब आला. हिरवा आहे. पिवळा नाही. तुझी चिठ्ठी मी पुरी वाचली."

दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती. मी ती दुरुस्त केली नाही.

पोट न भरणाऱ्या झाडाची निगा का शिकायची, असा आपला प्रश्न होता. तुमचे उत्तर तुम्ही द्या. माझे उत्तर एवढेच की माया करायलाही आधी नीट पाहावे लागते. बाईंच्या मायेत काही उणे नव्हते. पाणी कमी पडले नव्हते, माती कमी पडली नव्हती, खत कमी पडले नव्हते. फक्त पुढची ओळ वाचायची राहिली होती.

प्रश्न

१. बाईंनी चिठ्ठीची पहिली ओळ वाचून काय केले? पुढच्या ओळीत काय होते?
२. जास्त पाणी घातले तर मुळे का सडतात?
३. एकटी काळी माती कुंडीत का चालत नाही?
४. पाणी घालण्याआधी माती कशी पाहावी?
५. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू दिले तर कोणता धोका असतो?
६. नव्या कोंबाला पिवळी कड का नव्हती?

करून पहा

एक लहान कुंडी किंवा डबा घ्या. बुडाला भोके पाडा. तुमच्या घरी असेल ते कुठलेही पानांचे झाड लावा. महिनाभर वहीत रोज एक शब्द लिहा: ओली, की कोरडी. महिना संपला की वही वर्गात आणा आणि मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.